लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा संशयकाळ आणि समदुःखींचा आधार : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मानेत, काखेत वा जांघेत गाठ आढळणे आणि ती गाठ नेमकी कशाची आहे हे निश्चित होणे, या दोन घटनांमधील कालखंडास प्रस्तुत शोधनिबंधात 'संशयकाळ' असे म्हटले आहे. लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, आणि क्षयरोग यांची लक्षणे पुष्कळ अंशी सारखी असल्यामुळे आपल्याकडे हा संशयकाळ दीर्घ व क्लेशकारक ठरतो. या काळात रुग्णाला वैद्यकीय तपासणीबरोबरच त्याच वाटेने आधी गेलेल्या व्यक्तीचा आधार लागतो. असा आधार ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी कल्पना नसून विदर्भाच्या सामाजिक इतिहासात तिची मुळे आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजसंज्ञा : लसिकाग्रंथी, लिम्फोमा, गंडमाळा, संशयकाळ, समदुःखी, भंडारा जिल्हा.

प्रस्तावना

रोगांचा इतिहास हा प्रामुख्याने शोधांचा, औषधांचा आणि रुग्णालयांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्यात वैद्य असतो, रोग असतो. परंतु निदानाची वाट पाहणारा मनुष्य क्वचितच दिसतो. प्रस्तुत लेखिकेला या उणिवेची जाणीव ग्रंथांतून झाली नाही. २०१९ साली मानेच्या उजव्या बाजूस आलेली गाठ दीड महिना होऊनही ओसरली नाही. सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीतून निश्चित काही निष्पन्न झाले नाही. 'लिम्फोमाची शक्यता नाकारता येत नाही. पूर्ण गाठ काढून तपासावी लागेल' असे सांगण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर अहवाल येईपर्यंत बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत नातेवाईकांनी धीर दिला, डॉक्टरांनी आपले काम केले; परंतु ज्याच्या बोलण्याने रात्री झोप लागली, तो मनुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक परिचर होता. त्याने चार वर्षांपूर्वी याच आजाराचे उपचार पूर्ण केले होते. सहाव्या दिवशी अहवाल 'आणखी रंजनासाठी' थांबविल्याचे कळले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मॅडम, उशीर म्हणजे वाईट नव्हे. गाठ पुन्हा रंगवून पाहतात, म्हणून वेळ लागते. माझ्याही वेळी असंच झालं होतं."

या एका वाक्यात जे ज्ञान होते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नसते. असे ज्ञान कोठून येते, ते समाजात कसे टिकते आणि त्याला संस्थात्मक रूप कधी लाभते, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचे आहेत.

शोधनिबंधाची उद्दिष्टे

१) लसिकाग्रंथींच्या कर्करोगाविषयीच्या वैद्यकीय ज्ञानाचा विकास संक्षेपाने पाहणे व त्यातील संशयाचे स्थान स्पष्ट करणे. २) भंडारा जिल्ह्यातील रुग्णाच्या दृष्टीने उपचारकेंद्रांचा भूगोल कसा बदलत गेला हे पाहणे. ३) समदुःखींच्या आधाराची विदर्भातील व महाराष्ट्रातील परंपरा शोधणे व तिची उपयुक्तता आणि मर्यादा यांची चिकित्सा करणे.

गंडमाळेपासून हॉजकिनपर्यंत : संशयाचा इतिहास

मानेवरील गाठींचे वर्णन भारतीय वैद्यकात फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांच्या निदानाला वाहिलेला आहे. जबड्याचा सांधा, काख, मान व गळा या ठिकाणी उद्भवणाऱ्या आणि दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या गाठींचे वर्णन त्यात येते. मराठीत रूढ असलेला 'गंडमाळा' हा शब्द याच परंपरेतला होय. मात्र या संज्ञांपैकी अमुक एक म्हणजे आजचा लिम्फोमा असे समीकरण मांडणे अनैतिहासिक ठरेल. आपल्या पूर्वजांनी गाठी पाहिल्या, त्यांचे वर्गीकरण केले. गाठीच्या आत काय आहे हे पाहण्याचे साधन मात्र त्यांच्याजवळ नव्हते.

हे साधन युरोपातही उशिराच आले. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसिकाग्रंथी व प्लीहा यांच्या विकाराने दगावलेल्या सात रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या निबंधाकडे जवळजवळ तीन दशके फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८६५ साली सॅम्युअल विल्क्स यांनी या आजाराला 'हॉजकिनचा आजार' हे नाव दिले. पुढे असेही दिसून आले की, हॉजकिन यांच्या सातही रुग्णांना एकच आजार नव्हता. ज्याच्या नावाने रोग ओळखला जातो त्याच्याच रुग्णयादीत संशयाला जागा होती, ही बाब लक्षणीय आहे.

संशयाचे मुख्य कारण क्षयरोग हे होते. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तरीही गाठीच्या क्षयाची व या आजाराची गल्लत संपली नाही. १८९८ साली व्हिएन्ना येथील कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींतील विशिष्ट महाकाय पेशींचे वर्णन केले. पण हा क्षयाचाच एक वेगळा प्रकार असावा असा त्यांचा समज होता. १९०२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत काम करणाऱ्या डोरोथी रीड या तरुण महिला डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाच्या आधारे हे दोन आजार वेगळे असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे हॉजकिन यांच्या निबंधापासून या भेदाला स्पष्ट रूप मिळेपर्यंत सत्तर वर्षे लोटली.

हा भेद पुस्तकात स्पष्ट झाला असला तरी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत तो नव्याने करावा लागतो. सायंकाळी येणारा ताप, रात्री घामाने अंथरूण भिजणे, वजन घटणे आणि न दुखणारी गाठ ही लक्षणे दोन्ही आजारांत आढळतात. भारतात फुप्फुसाबाहेरील क्षयांमध्ये लसिकाग्रंथींचा क्षय हा नेहमी आढळणारा प्रकार आहे. साहजिकच गाठ दिसताच डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षय येतो, आणि बहुतेक वेळा ते योग्यही असते. परंतु पुराव्याविना क्षयाची औषधे सुरू झाल्यास लिम्फोमाच्या रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. उलट, केवळ भीतीने लिम्फोमा गृहीत धरणारा क्षयरुग्ण नाहक खचतो. यावर उपाय एकच : शक्य तेथे पूर्ण गाठ काढून तिची ऊतिपरीक्षा करणे आणि आवश्यक त्या विशेष रंजनतपासण्या होईपर्यंत थांबणे. संशयकाळ हा वैद्यकाचा दोष नसून अचूक निदानाची ती किंमत होय, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

उपचारांची प्रगती आणि लोकमानसातील प्रतिमा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा आजार असाध्य मानला जाई. १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन व गिलमन यांनी युद्धात वापरल्या जाणाऱ्या विषारी वायूशी संबंधित नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णास दिले; युद्धकालीन गुप्ततेमुळे ही माहिती १९४६ साली प्रसिद्ध झाली. १९५० साली कॅनडातील व्हेरा पीटर्स यांनी मर्यादित अवस्थेतील हॉजकिनचा आजार किरणोपचारांनी बरा होऊ शकतो असे दाखवून दिले. १९५८ साली कॅनडातीलच नोबल व बिअर यांनी सदाफुलीच्या पानांतून व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले. मधुमेहावरील औषधाच्या शोधातून हे घडले. मूळची मादागास्करची असलेली ही वनस्पती आज भंडारा जिल्ह्यातील अंगणाअंगणांत फुलते. तिच्यापासून मिळणाऱ्या द्रव्याने याच आजारातील जीव वाचतात हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अर्थात हे औषध प्रयोगशाळेत शुद्ध करून, मोजून, शिरेतून द्यावयाचे असते. पाने चावून हा आजार बरा होत नाही, उलट अपाय होतो, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधांचा एकत्रित उपचार १९६४ साली सुरू केला. त्याचे निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकलेल्या अवस्थेतील हॉजकिनचे रुग्णही मोठ्या संख्येने रोगमुक्त होऊ शकतात हे सिद्ध झाले. अवघ्या एका वर्षाने, १९७१ साली, हृषीकेश मुखर्जी यांचा 'आनंद' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा, म्हणजे लसिका ऊतींचाच कर्करोग असतो. भारतीय प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी या आजाराचे नाव त्या चित्रपटातून प्रथम ऐकले, आणि ते मृत्यूचा समानार्थी शब्द म्हणून ऐकले. प्रयोगशाळेत आशा जन्मत असता लोकमानसात निराशा रुजावी, हा इतिहासातील विसंवाद आहे. पुढे अन्य प्रकारच्या लिम्फोमांवरही संयुक्त औषधोपचार रूढ झाले व १९९७ साली अमेरिकेत रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली. तरीही गावात 'लिम्फोमा' शब्द उच्चारला की आजही आधी तो पडद्यावरचा मृत्यूच आठवतो. प्रतिमा बदलण्यास आकडेवारी पुरत नाही. बरा होऊन घरी परतलेला, धानाच्या बांधीत पुन्हा उभा राहिलेला मनुष्य डोळ्यांनी पाहावा लागतो.

भंडाऱ्याची वाट : परळपासून नागपूरपर्यंत

भारतातील कर्करोगोपचाराच्या संस्थात्मक इतिहासाचा आरंभही रक्ताशी निगडित अशाच एका आजाराने झाला. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली संशोधनासाठी न्यास स्थापन झाला आणि पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५१ साली डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना झाली.

भंडारा जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात नव्हता. १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशाचा भाग होता व नागपूर ही त्याची राजधानी होती. भाषावार प्रांतरचनेनंतर आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाल्यानंतर मुंबई ही राजधानी झाली. पण वैनगंगेच्या काठावरून परळ सुमारे नऊशे किलोमीटर दूरच राहिले. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर किंवा तुमसर रोडला रेल्वेत बसून दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरणे, कागदपत्रांची पिशवी सांभाळत परळला पोहोचणे आणि रात्री कोठे झोपावे याची विवंचना करणे, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे.

विदर्भात कर्करोगाच्या प्रश्नाला एक हृदयस्पर्शी संदर्भही आहे. 'ग्रामगीते'चे कर्ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय नागपुरात उभे राहिले आणि पूर्व विदर्भातील रुग्णांची वाट काही अंशी आखूड झाली. अलीकडच्या काळात नागपूरजवळ जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था कार्यरत झाली आहे. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ साली संपूर्ण राज्यात लागू झाली व पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. उपचाराचा खर्च हा पूर्वीइतका अभेद्य अडसर त्यामुळे राहिला नाही.

भंडाऱ्याहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर आहे. अंतर कमी झाले, तरी संशयकाळ तेवढाच राहिला. किंबहुना त्याचे स्वरूप अधिक एकाकी झाले. गाठ काढली जाते नागपुरात. वाट पाहावी लागते लाखांदूर, पवनी वा साकोलीच्या घरात. रोवणीचे दिवस असतील तर 'एवढे धान लागू दे, मग पाहू' म्हणून तपासणीच पुढे ढकलली जाते. लग्नाच्या मुली असलेल्या घरांत आजाराचे नाव दडवले जाते. पुष्कळदा रुग्णालाच काही सांगितले जात नाही. सगळ्यांना ठाऊक असते, फक्त ज्याच्या मानेत गाठ आहे त्याला नसते.

समदुःखींच्या आधाराची परंपरा

आधुनिक काळात समदुःखींच्या संघटित आधाराची उदाहरणे म्हणून सामान्यतः अमेरिकेकडे बोट दाखविले जाते. १९३५ साली तेथे मद्यासक्तांची परस्परसाहाय्य चळवळ सुरू झाली. १९५२ साली स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या टेरीस लॅसर यांनी अशाच शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांना भेटण्याचा उपक्रम आरंभिला. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो स्वीकारला. हा इतिहास महत्त्वाचा आहे. पण तो एकमेव नाही.

विदर्भातही अशी जुनी उदाहरणे आहेत. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम उभारले. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन आकारास आले. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांनी तेथे शेती केली, घरे बांधली आणि आपल्यानंतर आलेल्यांना हात दिला. बरा झालेला रुग्ण हाच नव्या रुग्णाचा सर्वांत विश्वासू मार्गदर्शक असतो, हे तत्त्व कोणताही परदेशी शब्द न वापरता येथे अमलात आले होते. नागपूरच्या सिकल सेल सोसायटीचे कार्यही याच धाटणीचे आहे. पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या या रक्तविकाराच्या रुग्णांना व पालकांना तिने एकत्र आणले. तिच्यामागील प्रेरणा असलेल्या संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली.

कर्करोगाच्या क्षेत्रात मुंबईतील व्ही केअर फाउंडेशनचा उल्लेख अपरिहार्य आहे. वंदना गुप्ता या स्वतः हॉजकिनच्या लिम्फोमातून बऱ्या झालेल्या. १९९४ साली त्यांनी ही संस्था सुरू केली. रोगातून बाहेर पडलेल्यांनी रुग्णालयात जाऊन नव्या रुग्णांशी बोलणे, हा तिच्या कार्याचा गाभा आहे. ज्या आजारावर आपण येथे विचार करीत आहोत, त्याच आजारातून महाराष्ट्रातील अशी एक प्रमुख संस्था जन्मली, ही गोष्ट विशेष नोंद घेण्यासारखी आहे.

याखेरीज एक अनौपचारिक संस्था आहे, तिची नोंद इतिहासात सहसा होत नाही. ती म्हणजे धर्मशाळा. विदर्भाचे सुपुत्र संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी स्वतःसाठी झोपडीही न बांधता गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. अशा ठिकाणी स्वयंपाक करता करता एक बाई दुसरीला सांगते की केस गळतात पण परत येतात. एक बाप दुसऱ्या बापाला सांगतो की कोणत्या खिडकीवर आधी जावे. हे ज्ञान कोणी लिहून ठेवत नाही. परळच्या धर्मशाळेत ते सहज मिळते. लाखांदूरच्या घरात एकट्याने वाट पाहणाऱ्याला ते मिळत नाही. नागपूर जवळ आल्याने भंडाऱ्याच्या रुग्णाने जे गमावले ते हेच होय.

आधाराचे स्वरूप व मर्यादा

समदुःखीचा आधार म्हणजे केवळ सांत्वन नव्हे. त्यात व्यावहारिक ज्ञान असते : काढलेल्या गाठीचे ठोकळे व काचपट्ट्या जपून ठेवाव्यात, कारण दुसऱ्या रुग्णालयात त्या लागतात, जुना प्रत्येक अहवाल तारखेनुसार लावावा, डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न आधी कागदावर लिहावेत. त्यात काळाचे ज्ञान असते : किती थांबणे स्वाभाविक आहे आणि केव्हा विचारणा करावी. आणि त्यात साक्ष असते : बोलणारा मनुष्य समोर जिवंत बसलेला असतो.

तथापि या आधाराचे अतिरिक्त गुणगान करणे संशोधनाच्या शिस्तीला धरून होणार नाही. १९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड स्पीगल व सहकाऱ्यांनी स्तनांच्या प्रसृत कर्करोगात आधारगटामुळे रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. २००१ साली कॅनडातील मोठ्या अभ्यासात आयुर्मानवाढ आढळली नाही. मात्र मानसिक क्लेश व वेदनेची जाणीव कमी झाल्याचे दिसले. स्पीगल यांच्या स्वतःच्या नंतरच्या अभ्यासातही आयुर्मानवाढीचा निष्कर्ष टिकला नाही. तात्पर्य, समदुःखी मनुष्य आयुष्य वाढवील असे वचन देता येत नाही. तो जगणे सुसह्य करतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लिम्फोमा हा एक आजार नसून त्याचे अनेक प्रकार आहेत. काही इतके मंद असतात की केवळ निरीक्षणाखाली ठेवले जातात, तर काहींत दिवसांचाही विलंब परवडत नाही. 'मला हे औषध लागू पडले, तूही घे' हा सल्ला म्हणूनच घातक ठरतो. समदुःखीने वाट सांगावी, औषध सांगू नये. तिसरी मर्यादा भावनिक आहे. ज्याला आधार द्यावयाचा त्याचा अहवाल आपल्याहून वेगळा निघू शकतो, हे दोघांनाही पेलावे लागते. प्रस्तुत लेखिकेच्या अहवालात क्षय निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा झाला. ही बातमी त्या ग्रंथालय परिचराला सांगताना आनंदाबरोबर एक संकोचही होता, कारण चार वर्षांपूर्वी त्याच्या अहवालात क्षय निघाला नव्हता. तो मात्र मनापासून हसला आणि पुस्तके लावण्याच्या कामाला लागला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा इतिहास हा मूलतः संशय दूर करण्याचा इतिहास आहे. १८३२ ते १९०२ या काळात वैद्यकाने जो संशय अनुभवला, तोच आजचा रुग्ण काही दिवसांत वा आठवड्यांत अनुभवतो. म्हणून संशयकाळाला घाबरून निदान टाळणे वा घाईने उपचार सुरू करणे, दोन्ही अहितकारक आहेत.

२) उपचारकेंद्रे भंडारा जिल्ह्याच्या जवळ आली, परंतु दूरच्या प्रवासात आणि धर्मशाळेत आपोआप मिळणारी समदुःखींची सोबत त्या प्रमाणात जवळ आली नाही.

३) समदुःखींचा आधार ही विदर्भाच्या भूमीत रुजलेली परंपरा आहे. कुष्ठकार्याने ती घडविली. कर्करोगाच्या संशयकाळापर्यंत तिचा विस्तार करणे शक्य व आवश्यक आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांवर विशेष जबाबदारी येते. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालय आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक आहे, आणि आपल्या सहकाऱ्यांमध्ये व विद्यार्थ्यांच्या कुटुंबांमध्ये या आजारातून बाहेर पडलेली माणसेही आहेत. त्यांच्या संमतीने व गोपनीयता राखून एक छोटी नोंदवही ठेवली, आणि गाठीच्या अहवालाची वाट पाहणाऱ्या माणसाजवळ त्यांपैकी कोणी एक तास जाऊन बसले, तर त्यासाठी ना निधी लागेल ना इमारत. वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाट पाहणाऱ्याच्या सोबत वाट पाहण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे. तो बजावला जावा, एवढीच या शोधनिबंधाच्या वाचकांकडून अपेक्षा आहे.